निओ जिओ : एका महागड्या खेळयंत्राची ओळख

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की बालरोगतज्ज्ञाकडून साधारणतः लसीकरण, बालकांचे पोषण किंवा परीक्षेच्या काळातील आरोग्य अशा विषयांची अपेक्षा असते. या विषयांवर आपल्या सदस्यांनी यापूर्वी अधिकारवाणीने लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. यंदा मी मात्र एका खेळण्याविषयी लिहिण्याची मुभा घेतो. हे खेळणे साधेसुधे नव्हे. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ६५० डॉलर होती आणि त्यावर खेळावयाचा प्रत्येक नवा खेळ सुमारे २०० डॉलरला मिळत असे. त्याच वर्षी निन्टेन्डो कंपनीचे ‘सुपर निन्टेन्डो’ हे यंत्र एका खेळासह १९९ डॉलरला विकले जात होते. जुलै १९९१ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतरच्या दराने हिशेब केला, तर हे यंत्र १६-१७ हजार रुपयांचे होते. आपल्यापैकी जे त्या सुमारास निवासी डॉक्टर होते, त्यांना आपले तेव्हाचे विद्यावेतन आठवत असेलच! या यंत्राचे नाव ‘निओ जिओ’.

विषय थोडा विचित्र वाटेल. पण त्याचे मूळ दवाखान्यातच आहे. गेल्या काही वर्षांत ताप-खोकल्यासाठी आलेले आईवडीलही निघता निघता एक प्रश्न हमखास विचारतात : “डॉक्टर, हा मोबाइलवर गेम खेळतो. किती वेळ खेळू द्यावा?” प्रश्न वेळेचा असतो आणि आपले उत्तरही तास-मिनिटांतच असते. खेळ कोणता, तो कसा रचलेला आहे, त्याला शेवट आहे की नाही, याची विचारपूस सहसा होत नाही. औषधाचे नाव न विचारता केवळ मात्रा सांगण्यासारखेच हे झाले. खेळाच्या रचनेकडे पाहण्याची दृष्टी मला या जुन्या जपानी यंत्राने दिली, म्हणून त्याची ओळख करून देतो.

ओसाकातील परिचय

माझा भाचा ओसाका येथे संगणक अभियंता आहे. २०१९ मध्ये त्याच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात ‘डेन डेन टाऊन’ नावाची विद्युत वस्तूंची मोठी पेठ आहे. तेथील जुन्या खेळांच्या दुकानांत काचेच्या कपाटात ही यंत्रे आणि त्यांचे खेळ मांडून ठेवलेले असतात. किमतींच्या चिठ्ठ्या पाहिल्यावर आपण सराफ्यात तर आलो नाही ना, अशी शंका यावी. भाच्याने आपल्या बचतीतून असेच एक यंत्र घेतले होते. घरी गेल्यावर त्याने ते अतिशय जपून बाहेर काढले आणि म्हणाला, “मामा, जरा हळू हं. हे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे.”

काळ्या रंगाची, रुंद, चपटी अशी ती पेटी. तिच्यासोबत एखाद्या डब्याएवढा मोठा हस्तसंच, त्यावर गोल मुठीची दांडी आणि लाल, पिवळे, हिरवे, निळे असे चार खटके. दांडी हलविली की आतील सूक्ष्म खटक्यांचा ‘टक् टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. खेळाची कार्ट्रिज, जिला आपल्याकडची मुले ‘कॅसेट’ म्हणत, ती व्हिडिओ कॅसेटच्याही तोंडात मारील एवढी जाडजूड. भाच्याने दुसरा हस्तसंच माझ्या हाती दिला आणि पुढचे दोन तास कसे गेले ते कळले नाही. माझा पराभव नेमाने होत होता. परंतु प्रत्येक पराभवानंतर तो का झाला, हे मला समजत होते. त्या दोन तासांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

बाजारातील यंत्र घरात

‘एसएनके’ ही कंपनी १९७८ मध्ये ओसाका येथे स्थापन झाली. ‘शिन निहोन किकाकू’, म्हणजे साधारणतः ‘नवजपान प्रकल्प’, या शब्दांची ही आद्याक्षरे होत. नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या उभ्या पेट्या बनविणे हा कंपनीचा व्यवसाय. त्या काळी दुकानात नवा खेळ आणावयाचा तर पेटीतील संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पट्टी किंवा सबंध पेटीच बदलावी लागे. हा खर्च लहान दुकानदाराला परवडत नसे. १९९० मध्ये एसएनकेने यावर उपाय काढला. पेटी कायम ठेवावयाची आणि केवळ कार्ट्रिज बदलावयाची. एकाच पेटीत एक, दोन, चार किंवा सहा खेळ एकदम बसविता येत आणि ग्राहक त्यांतून निवड करी. ही झाली दुकानातील ‘एमव्हीएस’ पद्धत.

तेच यंत्र घरगुती स्वरूपात आणले गेले, त्याचे नाव ‘एईएस’. प्रारंभी ते जपानात भाड्याने देण्यासाठी होते. पण विकत घेण्याची मागणी एवढी झाली की १९९१ मध्ये ५८,००० येन किमतीला त्याची विक्री सुरू झाली. दुकानातील खेळ घरी आणण्याचे प्रयत्न इतर कंपन्याही करीत होत्या. परंतु घरगुती यंत्र दुबळे असल्यामुळे चित्रे लहान करावी लागत, हालचाली गाळाव्या लागत, आवाज फिका पडे. निओ जिओमध्ये अशी काटछाट नव्हती, कारण आतील सामग्री तीच होती. १२ मेगाहर्ट्झ गतीचा मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रक्रियक, ध्वनीसाठी झायलॉग झेड-८० आणि यामाहाची ध्वनिचकती. ६५,५३६ रंगांच्या संचातून ४,०९६ रंग एकाच वेळी पडद्यावर दाखविता येत.

त्याची चित्रे काढण्याची पद्धत मला विशेष मनोरंजक वाटली. तत्कालीन बहुतेक यंत्रे मागचा देखावा एका पद्धतीने आणि पुढची हलती पात्रे दुसऱ्या पद्धतीने काढीत. निओ जिओमध्ये देखावाही हलत्या तुकड्यांचाच बनतो. १६ ठिपके रुंदीच्या अशा ३८० उभ्या पट्ट्या एका वेळी मांडता येतात आणि त्या शेजारी शेजारी लावून डोंगर, रस्ते, योद्धे सारे उभे राहते. हे यंत्र चित्र लहान करू शकते, मोठे करू शकत नाही. त्यामुळे चित्रकारांनी पात्रे आधीच भव्य काढून ठेवली. दोन योद्धे एकमेकांपासून दूर गेले की यंत्र त्यांना लहान करते आणि जवळ आले की मूळ आकारात दाखविते. नाटकाच्या प्रेक्षकाने दुर्बीण डोळ्याला लावावी आणि काढावी, तसा परिणाम साधतो.

आणखी एक सोय त्या काळी अपूर्व होती. क्रेडिट कार्डाच्या आकाराचे एक स्मृतिपत्र यंत्रात घालून आपली प्रगती त्यात साठविता येई. दुकानातील ज्या पेट्यांना तशी खाच होती, त्यांत तेच पत्र घालून अर्धवट राहिलेला खेळ पुढे चालविता येई. शिशुविहारातील आरोग्यपत्रिका घेऊन मूल दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे, त्यातलाच हा प्रकार!

एवढी किंमत का?

किमतीचे मुख्य कारण यंत्रापेक्षा कार्ट्रिजमध्ये आहे. यंत्र सुरू होताच पडद्यावर ‘मॅक्स ३३० मेगा’ अशी अक्षरे झळकतात. म्हणजे ३३० मेगाबिट, सुमारे ४१ मेगाबाइट. आजच्या मोबाइलमधील एखादी छोटी चित्रफीतही याहून मोठी असते. पण १९९० च्या दशकात ही सर्व माहिती कायमस्वरूपी स्मृतिचकत्यांमध्ये कोरून द्यावी लागे आणि प्रत्येक चकतीला दाम पडे. १९९२ मधील ‘आर्ट ऑफ फायटिंग’ या खेळाने १०० मेगाबिटांची सीमा ओलांडली, तेव्हा त्याचीच जाहिरात झाली. पुढे ३३० ची मर्यादाही युक्तीने ओलांडली गेली आणि अखेरचे खेळ ७०० मेगाबिटांच्या पुढे गेले.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. जी कार्ट्रिज घरातील मुलासाठी चैनीची होती, ती दुकानदारासाठी काटकसरीची होती, कारण तिची किंमत शेकडो मुलांच्या नाण्यांत विभागली जाई. त्यामुळे निओ जिओ श्रीमंत देशांतील फार थोड्या घरांत शिरले आणि ज्या देशांत ते घरी घेणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तेथील गल्लीबोळांत मात्र सहज पोहोचले. आपल्या देशातही तसेच झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे व्हिडिओ गेमच्या दुकानांत ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ आणि ‘मेटल स्लग’ हे खेळ मुलांच्या गराड्यात दिसत. त्यांच्या शेजारी ‘मुस्तफा’ असे. तो दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातील एका पात्राच्या नावावरून आपल्या मुलांनी सबंध खेळालाच मुस्तफा करून टाकले. आज माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे कित्येक वडील ‘मेटल स्लग’चे नाव काढताच खुर्चीत सावरून बसतात आणि आपण कोणत्या दुकानात, किती पैशांत, कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो होतो, ते सांगू लागतात. पण ते ज्या यंत्रावर खेळत होते, त्याचे नाव ‘निओ जिओ’ होते, हे त्यांतील अनेकांना ठाऊक नसते.

निवडक खेळ

या यंत्रावर लढतीचे खेळ विपुल आहेत. त्यांतील सर्वच थोर आहेत असे नव्हे. परंतु काही खेळ आजही आवर्जून पाहावेत असे आहेत.

‘सामुराई शोडाउन’ (१९९३) हा तलवारींच्या द्वंद्वाचा खेळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानात घडतो. इतर लढतीच्या खेळांत ठोशांची बरसात असते. येथे मात्र दबा धरून थांबणे महत्त्वाचे, कारण एकच जोरदार वार डाव उलटवितो. अधीर खेळाडू येथे हरतो. डॉक्टर मंडळींना त्यातील उक्यो ताचिबाना हे पात्र लक्षवेधी वाटेल. हा अतिशय चपळ तलवारबाज क्षयाने ग्रासलेला आहे आणि लढत जिंकल्यावरही त्याला खोकल्याची उबळ येते. स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले गेले १९४३ मध्ये. त्यामुळे त्या बिचाऱ्याला उपचाराची आशा नव्हती. या खेळात रक्त दिसते. इंग्रजी घरगुती आवृत्तीत त्याचा रंग बदलण्यात आला होता. लहान मुलांसाठी हा खेळ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘किंग ऑफ फायटर्स’ ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. कंपनीच्या निरनिराळ्या खेळांतील योद्धे येथे तिघातिघांच्या संघांत एकत्र येतात. कोणाला आधी पाठवावे, कोणाला राखून ठेवावे, हा विचार क्रिकेटमधील फलंदाजीच्या क्रमासारखा करावा लागतो. आपल्याकडे १९९७ ची आवृत्ती लाडकी झाली; जाणकार मात्र १९९८ च्या आवृत्तीला अधिक समतोल मानतात.

‘मेटल स्लग’ (१९९६) हा धावत, उड्या मारीत, गोळ्या झाडीत पुढे जाण्याचा खेळ ‘नाझ्का’ या लहान संस्थेने केला. यातील कारागीर पूर्वी ‘आयरेम’ कंपनीत होते. प्रत्येक चित्र ठिपक्या-ठिपक्याने हाताने रचलेले आहे. शत्रूचे सैनिक गप्पा मारीत बसलेले असतात आणि नायकाला पाहून किंचाळत सुटतात. दोरखंडांनी बांधलेल्या दाढीवाल्या कैद्याला सोडविले की तो खिशातून भेट काढून देतो आणि कडक सलाम ठोकून निघून जातो. १९९८ मधील दुसऱ्या भागात तर एक गोष्ट बालरोगतज्ज्ञाला खास आवडावी अशी आहे : वाटेत मिळणारे खाद्यपदार्थ फार खाल्ले की नायक लठ्ठ होतो आणि त्याची चाल मंदावते. स्थूलतेवरील माझ्या व्याख्यानांपेक्षा हे चित्र मुलांना लवकर पटते, असा अनुभव आहे.

‘विंडजॅमर्स’ (१९९४, डेटा ईस्ट) हा माझा स्वतःचा आवडता. समुद्रकिनाऱ्यावरील अंगणात दोन खेळाडू, मध्ये जाळे आणि एक उडती चकती. फेकावी, झेलावी, प्रतिस्पर्ध्याच्या मागील रेषेत घालावी. रक्तपात नाही, कथा नाही, नियम दोन मिनिटांत समजतात. आजोबा आणि नातू एकत्र बसून खेळू शकतील असा हा खेळ. त्याचा दुसरा भाग २०२२ मध्ये निघाला. तितकाच शांत ‘निओ टर्फ मास्टर्स’ (१९९६) हा गोल्फचा खेळ नाझ्कानेच केलेला आहे. दुकानातील पेट्यांवर ‘पझल बॉबल’ हा रंगीत फुगे फोडण्याचा खेळही लोकप्रिय होता. आज मोबाइलवर त्याच्या असंख्य नकला दिसतात.

शेवटी ‘गारू : मार्क ऑफ द वुल्व्ह्ज’ (१९९९). १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘फेटल फ्युरी’ मालिकेचा हा पुढचा भाग. हालचालींचा ओघ एवढा सफाईदार की नऊ वर्षांच्या जुन्या यंत्रावर हे चालते आहे यावर विश्वास बसू नये. त्यामागील कथाही सुंदर आहे. नायक टेरी बोगार्ड याच्या पालक पित्याचा वध ज्याने केला, त्या शत्रूच्याच पोरक्या मुलाला, रॉकला, टेरीने वाढविले आहे. वैराच्या कथेचा शेवट संगोपनात व्हावा, हे मला फार भावले. या कथेचा पुढील खेळ तब्बल सव्वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये निघाला.

यंत्राचे आयुष्यही दीर्घ ठरले. त्याचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले, तरी नवे खेळ २००४ पर्यंत येत राहिले. मूळ कंपनी मात्र २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली; पुढे तिचे हक्क नव्या संस्थेने घेतले आणि २०१६ मध्ये एसएनके हे नाव पुन्हा आले. ‘मेटल स्लग’ची मूळ घरगुती कार्ट्रिज आज संग्राहकांमध्ये हजारो डॉलरला जाते आणि बनावट मालही भरपूर आहे. ज्यांना केवळ खेळावयाचे आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. ‘हॅमस्टर’ ही जपानी कंपनी २०१६-१७ पासून यातील बहुतेक खेळ आजच्या यंत्रांसाठी अल्प किमतीत उपलब्ध करून देत आहे. २०१८ मध्ये चाळीस खेळांचे एक छोटे यंत्रही निघाले होते.

किंमत दिसणारी आणि न दिसणारी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुने तेवढे सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. नाण्यांच्या पेट्या हा धंदाच होता. मुलाने लवकर हरावे आणि दुसरे नाणे टाकावे, या हिशेबाने त्या खेळांची कठीणता ठरविलेली असे. शाळा बुडवून तेथे रेंगाळणारी मुले आणि चिंताग्रस्त पालक त्या काळीही होतेच. परंतु त्या व्यवहारात किंमत डोळ्यांना दिसत होती. नाणे हातातून जात होते. ते संपले की घरी परतावे लागे.

घरगुती निओ जिओमध्ये नाण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही कंपनीने त्याच्या अनेक खेळांत पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या मर्यादितच ठेवली होती. ६५० डॉलर मोजलेल्या मालकालाही अमर्याद जीव मिळत नसत. संधी संपल्या की खेळ संपला, आरंभापासून सुरुवात. मर्यादा नसती तर कोणीही तासाभरात शेवट गाठला असता आणि खेळात शिकण्यासारखे काही उरले नसते. त्या महाग यंत्राने मालकाकडून एकदाच पैसे घेतले आणि त्यानंतर केवळ कौशल्य मागितले.

आजच्या बहुतांश मोबाइल खेळांचे उलट आहे. ते फुकट मिळतात आणि नंतर वेळ, लक्ष व पैसा हप्त्याहप्त्याने घेत राहतात. त्यांना शेवट नसतो. कारण शेवट झाला तर विक्री थांबेल. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, न लावल्याचा तोटा, आत काय निघेल ते ठाऊक नसलेल्या सशुल्क पेट्या, ही त्यांची साधने. यातील काही पेट्या म्हणजे जुगारच होय, असा निष्कर्ष बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काढला. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ खेळाच्या कंपनीने २०२२ मध्ये सरकारी कारवाईनंतर ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांतील २४.५ कोटी डॉलर फसव्या रचनेमुळे नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. म्हणजे ही केवळ एका वयस्क डॉक्टरची कुरकुर नाही.

वैद्यकीय बाजूने पाहिले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश झाला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याचे निकष तासांवर बेतलेले नाहीत, ही गोष्ट आपण पालकांना आवर्जून सांगितली पाहिजे. खेळावरील ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे, आणि नुकसान होत असूनही खेळ चालूच राहणे, ही तीन लक्षणे साधारणतः बारा महिने दिसली पाहिजेत. सुट्टीत दोन तास खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते. अर्थात अगदी लहान बालकांबाबत वेळेची मर्यादा हवीच. संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको. तसेच प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या मुलांना लखलखाटाचे खेळ, मग ते जुने असोत वा नवे, देऊ नयेत. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवरील ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते, हे उदाहरण आपल्या स्मरणात असेल.

दवाखान्यातील एक अनुभव

काही काळापूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा सततच्या डोकेदुखीसाठी माझ्याकडे आला. दृष्टी तपासून झाली होती, रक्तदाब ठीक होता, चेतासंस्थेच्या तपासणीत काही आढळले नाही. झोपेची चौकशी केली तेव्हा तो मध्यरात्रीपर्यंत जागा असतो, असे कळले. कारण विचारले. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “डॉक्टरकाका, बारा वाजता रोजचं बक्षीस मिळतं. एक दिवस चुकला तर पहिल्यापासून मोजणी सुरू होते. माझे एकशे चाळीस दिवस झालेत.” त्याच्या स्वरात गेम खेळण्याचा आनंद नव्हता, हप्ता चुकण्याची धास्ती होती. वडील अवाक् झाले. ते रोज रात्री मोबाइल काढून घेण्यावरून त्याच्याशी भांडत होते. पण बारा वाजता काय होते, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

मी सर्व खेळ बंद करण्यास सांगितले नाही. झोपेची वेळ पक्की केली, रात्री मोबाइल आईवडिलांच्या खोलीत ठेवण्याचे ठरविले, आणि ती मोजणी त्याने स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी तोडावी असे सुचविले. वडील तरुणपणी कोणता खेळ खेळत, हे सहज विचारले. उत्तर ‘मेटल स्लग’ असे आले. त्याची अल्प किमतीची आवृत्ती मिळते, हे मी त्यांना सांगितले आणि रविवारी संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून खेळावे, असे सुचविले. महिन्याभराने मुलगा पुन्हा आला. डोकेदुखी बरीच कमी झाली होती. जुन्या खेळाची ओढ अजून अधूनमधून होते, असे तो म्हणाला. पण त्याची मुख्य तक्रार वेगळीच होती : “बाबा फार लवकर मरतात आणि माझे बॉम्ब वापरतात.” या तक्रारीवर मी कोणतेही औषध दिले नाही.

एका मुलाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपण सर्व जाणतो. डोकेदुखी कमी झाली ती मुख्यतः झोपेमुळे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या घरातील भांडण थांबले ते खेळाचे स्वरूप समजल्यावर.

चार प्रश्न

पालक जेव्हा “किती वेळ?” असे विचारतात, तेव्हा मी आता त्यांना चार उलट प्रश्न विचारतो. या खेळाला शेवट आहे का? त्याचे पैसे एकदाच द्यावे लागतात की वारंवार? हरल्यावर तो का हरला हे मुलाला सांगता येते का? आणि खेळताना त्याच्या शेजारी कोण बसलेले असते? या चारांची उत्तरे मिळाली की वेळेचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. ज्या खेळाला शेवट आहे, तो बंद करताना मूल फार तर “एवढा टप्पा होऊ द्या” म्हणते. ज्याला शेवटच नाही, तो बंद करावयाचा तर मुलाला अर्ध्यातून उठवावे लागते. आणि मग जी रडारड होते, तिचा दोष आपण त्याच्या स्वभावाला देतो.

निओ जिओ विकत घ्यावे, असे मी कोणाही सभासदास सुचविणार नाही. गृहिणींचा रोष ओढवून घेण्याची माझी इच्छा नाही. ते यंत्र संग्राहकांच्या कपाटात शोभून दिसते. परंतु ज्या कारागिरांनी ते घडविले, त्यांनी खेळणाऱ्याला कठीण पण न्याय्य आव्हान दिले आणि काम झाल्यावर त्याला मोकळे सोडले. आपल्या मुलांच्या हाती असलेला खेळ त्यांना मोकळे सोडतो की नाही, एवढे प्रत्येक घराने एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहावे. अर्धा तास पुरेल. मूल आपल्याला हरवील, ते हरवून घ्यावे. आणि हरवताना ते जे बोलेल, ते मात्र लक्ष देऊन ऐकावे.